श्रावणातला सोमवार आणि आठवा प्रश्न

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाडीवर श्रावणातल्या सोमवारी आम्ही अन्न-असुरक्षिततेची पाहणी केली. संध्याकाळी वाळपईत, तालुक्याच्या गावी, बसून अर्ज चाळायला घेतले, तेव्हा एकामागून एक अर्जांत तोच घोळ दिसू लागला.

प्रश्नावली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची. आठ प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. सुरुवात सौम्य असते: पुरेसे खायला मिळणार नाही अशी काळजी वाटली का? पुढे पौष्टिक खाणे जमले नाही का, मोजकेच प्रकार खाल्ले का, एखादे जेवण टाळावे लागले का, हवे त्यापेक्षा कमी खाल्ले का, घरातले अन्न संपले का, भूक लागूनही खाल्ले नाही का. आठवा सगळ्यांत कठोर: अख्खा दिवस उपाशी काढला का? हा जिना आहे. आठव्या पायरीवरचा माणूस खालच्या बहुतेक पायऱ्या चढून आलेला असतो. आमच्या अर्जांत मात्र पहिल्या सात प्रश्नांना ‘नाही’ आणि आठव्याला ‘हो’. बाया सोमवार करतात, दिवसभर काही खात नाहीत, रात्री एक वेळ जेवतात. खरे तेच त्यांनी सांगितले होते. चूक विचारण्यात होती.

प्रत्येक प्रश्नाच्या आधी ‘पैसे किंवा इतर साधने नसल्यामुळे’ हे शब्द यावेच लागतात. दहाव्या घरात गेल्यावर वाचणाऱ्याची जीभ दमते, वाक्य लांब वाटते आणि नेमके हेच शब्द गळतात. तिसऱ्या प्रश्नाचेही तसेच. श्रावण शिवराक, म्हणजे शाकाहारी, मासळी बंद. मग ‘मोजकेच प्रकार खाल्ले’ याला सधन घरातूनही हो येते.

असे अर्ज बाद करून मोकळे होता आले असते. पण त्यातल्या एका अर्जाला मुलाच्या दंडघेराचा, म्हणजे दंडाच्या घेराच्या मोजमापाचा, कागद टाचलेला होता. मूल चौदा महिन्यांचे, दंडघेर 12.1 सेंटिमीटर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत 11.5 च्या खाली तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 मध्यम. म्हणजे मोजायची रंगीत पट्टी पिवळ्यात; तीव्र असते तर तांबड्यात. मोजमापावर माझा आधी विश्वास बसला नाही, कारण मुलाच्या दंडावर काळा दोरा होता आणि पट्टी दोऱ्यावरून गेली की आकडा फुगतो. अंगणवाडी सेविकेला विचारले. तिने दोरा वर सरकवला होता, डावा हात कोपरात वाकवून खांद्याचे हाड ते कोपराचे टोक यांचा मध्य काढला होता आणि हात सैल सोडून दोनदा मोजले होते. आकडा बरोबर होता. मग त्या घरातून सात वेळा ‘नाही’ कसे आले?

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास परत गेलो. सोमवारी सासू शेजारी बसून होती, निम्मी उत्तरे तिचीच. या वेळी ती निजली होती. सून मागच्या पडवीत तायखिळा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी, निवडत होती, कोवळी पाने एका बाजूला, जून देठ दुसऱ्या. मी प्रश्न शब्दशः वाचले, एकही शब्द न गाळता. आठ प्रश्न संपल्यावर, गुणांत न धरायचा म्हणून, वेगळ्या ओळीवर आणखी एक विचारला.

“गेल्या श्रावणात कुठले वार करत होतीस, बाय?”

“सोमवार.”

“आणि यंदा?”

“सोमवार, गुरुवार, शनिवार.” थोड्या वेळाने म्हणाली, “उपास म्हटलं की मॅडम, कोण विचारत नाही. सासूपण नाही.”

तिच्या ‘हो’ची बेरीज सोमवारी 1 होती. बुधवारी 6.

सत्तरीत श्रावण कुठे येऊन पडतो ते पाहिले पाहिजे. काजूचा पैसा मे अखेरीस संपतो. सरद, म्हणजे पावसाळी, भाताची कापणी अजून लांब. तिचा नवरा गवंड्याच्या हाताखाली, पावसात काम बंद. रानात अळमी, म्हणजे रानटी आळंबी, मिळाली तर ती रस्त्याला विकायला जाते, ताटात येत नाही. दरडोई उत्पन्नात देशात पुढे असलेल्या गोव्याच्या सरासरीत हे पावसाळी महिने कुठेच दिसत नाहीत. टंचाईचे दिवस आणि व्रताचे दिवस एकावर एक बसतात, आणि खरी उपासमार व्रताच्या आड निघून जाते. सोमवारचे सगळे ‘हो’ आम्ही पुसले असते तर तिचाही पुसला गेला असता.

मग रेशन कार्ड मागितले. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो. कार्डावर नावे चार, म्हणजे 20 किलो. जेवणारे सहा. वाटणी केली की माणशी रोज 111 ग्रॅम तांदूळ, जेमतेम 390 कॅलरी. सून कर्नाटकातल्या खानापूरकडची, तिचे नाव अजून माहेरच्या कार्डावर, आणि त्यामुळे बाळाचे कुठेच नाही. देशभर कुठल्याही रेशन दुकानात धान्य उचलता येते हे खरे, 2020 पासून गोवा आणि कर्नाटक दोन्ही त्यात आहेत. पण तिने इथे अंगठा दिला तर धान्य माहेरच्या वाट्यातून कापले जाते, आणि आईचे तांदूळ तोडायला ती तयार नव्हती. म्हणून माहेरी नाव कमी केल्याचा दाखला, मग इथे अर्ज, सोबत दोघांचे आधार आणि बाळाचा जन्मदाखला. हा क्रम उलटला की अर्ज परत येतो. सगळे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. मुलाला सेविकेने वेगळ्या नोंदीत घेतले. दर आठवड्याला वजन, आणि पट्टी तांबड्यात गेली तर थेट आरोग्य केंद्र.

सोमवारची सगळी घरे आता पुन्हा करायची आहेत. सोमवार सोडून, दुपारी, सून एकटी असताना. आमच्या प्रश्नांचा आवाका मागच्या 30 दिवसांचा, त्यामुळे श्रावणातच उरकायला हवे. एकदा चतुर्थीची माटोळी, गणपतीवरची फळापानांची मांडणी, बांधली आणि करंज्या तळायला घेतल्या की त्या दारात उभे राहून घरातले अन्न संपले होते का असे विचारता येत नाही, आणि विचारलेच तरी कोणी हो म्हणणार नाही.