उल्यानोव्स्क ते मॉस्को : टीयू-104 च्या मागावर

उल्यानोव्स्कला येणारे बहुतेक जण लेनिनचं जन्मगाव म्हणून येतात. मी आले ती इथल्या नागरी विमानांच्या संग्रहालयासाठी, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एका विमानासाठी. माझं बालपण ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) वसाहतीत गेलं. डोक्यावरून मिग जायचे आणि घरी जेवताना रशियन बनावटीच्या गोष्टी निघायच्या. त्यामुळे टीयू-104 या सोव्हिएत जेट प्रवासी विमानाचं नाव लहानपणापासून कानावर होतं.

संग्रहालय शहराबाहेर, विमानतळाला लागून आहे. उघड्या मैदानावर जुनी विमानं उभी आहेत. सगळे टीयू-144 कडे, म्हणजे आवाजापेक्षा वेगानं उडणाऱ्या त्या प्रवासी विमानाकडे धावतात. मी टीयू-104 गाठलं आणि बराच वेळ त्याच्या नाकाशीच उभी राहिले. हे नाक काचेचं आहे. धातूच्या पट्ट्यांच्या चौकटीत बसवलेल्या काचा, आणि त्यांच्यामागे नॅव्हिगेटरची, म्हणजे मार्ग ठरवणाऱ्याची जागा. प्रवासी विमानाला असलं नाक कशाला? कारण हे विमान मुळात बॉम्बफेकी. टीयू-16 या बॉम्बरचे पंख, इंजिनं, शेपटी आणि हे नाक घेऊन विमानरचनाकार आंद्रेई तुपोलेव्ह यांच्या कार्यालयानं फक्त मधलं धड नवं केलं. वेळ वाचला. 17 जून 1955 ला पहिलं उड्डाण झालं आणि 15 सप्टेंबर 1956 ला मॉस्को-ओम्स्क-इर्कुत्स्क अशी नियमित सेवा सुरूही झाली. ब्रिटिशांचं कॉमेट हे जेट प्रवासी विमान तेव्हा अपघातांमुळे जमिनीवर होतं. दोन वर्षं जगात नियमित उडणारं जेट प्रवासी विमान हे एकच.

कॉमेटचं धड आतल्या हवेच्या दाबानं फाटलं होतं. तो धडा तुपोलेव्ह यांच्या माणसांनी मनापासून गिरवला होता. धड पाण्याच्या टाकीत घालून दाबाच्या चाचण्या केल्या, पत्रा जाड ठेवला, खिडक्या गोल केल्या. त्या गोल खिडक्यांखाली उभं राहून वर पाहिलं की मजबुती डोळ्यांना जाणवते. घात झाला तो दुसरीकडेच. तो समजून घ्यायचा तर शेपटीकडे जावं लागतं. आडव्या शेपटीच्या मागच्या कडेला एक हलणारी पट्टी असते, एलिव्हेटर. नाक वर करायचं की खाली, हे तिच्यावर ठरतं. खालून पाहताना ती एवढ्या मोठ्या विमानाला अगदीच अरुंद वाटली.

उल्यानोव्स्कहून बसनं कझान आणि तिथून मॉस्कोची दिवसाची गाडी, असा बेत मी मुद्दाम आखला होता. ही गाडी रशियाच्या चुवाशिया प्रांतातल्या कानाशवरून जाते. कानाश सुटलं की कापणी झालेली शेतं, मधूनच बर्चची राई, लहानशी स्थानकं. नकाशा मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले होते. इथंच कुठंतरी, 17 ऑक्टोबर 1958 रोजी, बीजिंगहून ओम्स्कमार्गे मॉस्कोला निघालेलं टीयू-104 कोसळलं. 80 जण होते, कोणीही वाचलं नाही. प्रवाशांत एक चिनी शिष्टमंडळ होतं आणि त्याचे प्रमुख होते लेखक झेंग झेनदुओ. रवींद्रनाथांच्या कविता चिनीत नेणारा हा माणूस. हे वाचलं तेव्हा मला चटका बसला होता, आणि ती शेतं पाहताना पुन्हा बसला.

मॉस्कोवर हवा खराब होती. पर्यायी विमानतळही बंद. वैमानिक हॅरॉल्ड कुझनेत्सोव्ह यांना स्वेर्दलोव्स्ककडे (आजचं येकातेरिनबर्ग) वळायला सांगितलं गेलं. विमान दहा हजार मीटरच्या आसपास होतं. त्याच सुमारास हवेच्या एका प्रचंड उसळीनं ते वर फेकलं गेलं.

एसटीच्या खिडकीबाहेर हात काढून तळवा थोडा तिरपा केला की हात वर उचलला जातो, जास्त तिरपा केला की मागे फेकला जातो. पंखाचंही तसंच. खालून उसळी आली की पंखाला हवा जास्त तिरपी लागते. टीयू-104 चे पंख मागे झुकलेले. असे पंख आधी टोकांशी दगा देतात, टोकं मागच्या बाजूला असल्यानं उरलेली उचल पुढे सरकते आणि नाक आणखीच वर जातं. एवढ्या उंचीवर हवा विरळ, सावरायला जागा कमी. कुझनेत्सोव्ह यांनी स्टिअरिंग पुढे अगदी टोकापर्यंत दाबलं, पण एलिव्हेटरची ताकद पुरली नाही. विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचलच गेली, आणि गिरक्या घेत खाली आलं.

त्या काही मिनिटांत त्यांनी जे केलं त्यापुढे मला हात जोडावेसे वाटतात. विमान कसं वागतंय, आपण काय करतोय आणि त्याला ते कसं दाद देत नाही, हे ते रेडिओवरून जमिनीला सांगत राहिले. शेवटी निरोप घेतला. दोनच महिन्यांपूर्वी, 15 ऑगस्टला, अतिपूर्वेला याच जातीचं विमान पडून 64 जण गेले होते. तेव्हा कारण नीट उलगडलं नव्हतं. आता वैमानिकाच्याच तोंडून उलगडलं. एलिव्हेटरचा पल्ला वाढवला गेला, आडव्या शेपटीचा कोन बदलला, उड्डाणाची उंची कमी केली गेली. नंतरची कित्येक वर्षं त्या विमानांतून जे सुखरूप उतरले, त्यांच्यावर या माणसाचे उपकार आहेत.

विमान तरीही अवघडच राहिलं. उतरताना वेग फार, इतका की थांबायला शेपटीतून पॅराशूट सोडायची. मार्च 1979 मध्ये मॉस्कोच्या व्नुकोवो विमानतळाजवळ 58 बळी गेल्यावर एअरोफ्लोत या सोव्हिएत विमान कंपनीनं त्याला निवृत्त केलं. त्याचाच धाकटा भाऊ टीयू-124 आपल्या वायुदलाकडे होता. 4 नोव्हेंबर 1977 ला जोरहाटजवळ तो पडला, तेव्हा आत पंतप्रधान मोरारजी देसाई होते. ते वाचले, वायुदलाचे पाच जण गेले.

मॉस्कोत नोवोदेविची दफनभूमीत मुद्दाम गेले. तिथल्या भिंतीवर तुपोलेव्ह यांच्याच कार्यालयाच्या ‘माक्सिम गोर्की’ या विमानाचं उठावशिल्प आहे. आठ इंजिनं, 63 मीटर पंख, आत छापखाना. 1935 मधला सोव्हिएत अभिमानच तो. 18 मे 1935 ला त्याचा आकार नजरेत भरावा म्हणून शेजारून एक लहान लढाऊ विमान उडत होतं. वैमानिक निकोलाय ब्लागिन यांनी कोलांटी घेतली आणि ते थेट मोठ्या विमानाच्या पंखात घुसलं. आतले सगळे गेले, ब्लागिनही गेले. वर्तमानपत्रांनी खापर त्यांच्यावर फोडलं. पण गर्दीनं भरलेल्या विमानाला चिकटून दुसरं विमान उडवायचा बेत ज्यांनी आखला, दोष आधी त्यांचा, असं माझं ठाम मत आहे. ब्लागिन यांनाही त्याच दफनभूमीत, त्याच अपघातातल्या बळींसोबत जागा दिली गेली, हे मात्र योग्यच झालं.