आमची वाटचाल : मकरपुऱ्याची शेड आणि जाम झालेले बोल्ट

भरूचकडच्या दहेजच्या कारखान्यांना रोज ये-जा करणाऱ्या गाडीच्या खाली ज्यांनी कधी डोकं घातलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. खंभातच्या आखाताची खारी हवा आणि वर पावसाळ्याचा चिखल. लोअर आर्मचा, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, बोल्ट बूशच्या (सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या लोखंडी नळीला गंजून असा धरतो की नट निघतो, बोल्ट मात्र जागचा हलत नाही. फिरवावा तर नळीसकट फिरतो, रबर पिळवटतं आणि सोडलं की परत मागे. बडोद्यात हे काम मनापासून करणारी गॅरेजं थोडी. त्यातलं एक आमचं, मकरपुऱ्यातलं, हे मी छाती पुढे काढून लिहितो.

सुरुवात मोटाभाईंमुळे झाली. भागीदार, वयानं मोठे, गुजराती, पण मराठी आमच्या आईकडून शिकलेले. त्यांची शिस्त अशी : गोटी (सॉकेट पाना) सहा कोनांचीच लावायची, बारा कोनांची गंजलेलं डोकं गोल करते. तेल आदल्या संध्याकाळीच सोडायचं. घण घालण्याआधी नट परत चढवायचा, बोल्टच्या टोकाशी सपाट येईल इतका, म्हणजे आटे शाबूत. त्यांचा पितळी ड्रिफ्ट, म्हणजे बोल्ट ठोकून काढायचा दांडा, अजून माझ्या ट्रॉलीत आहे. ठोकून ठोकून त्याचं तोंड पसरलंय, तरी मी कोणाला हात लावू देत नाही.

2017 साली आम्ही जवळजवळ बुडालो. दहेजच्या कारखान्यांना गाड्या पुरवणाऱ्या एका ट्रॅव्हल्सचं सगळं काम आमच्याकडे होतं. समोरच्या रांगेत नवं गॅरेज निघालं. त्यांनी मॅनेजरचे कान भरले, की हे लोक वेळ काढतात, बोल्ट कापतात आणि नव्याचे पैसे लावतात. काम गेलं, थकबाकी अडकली, आमच्या हाताखाली तयार झालेला मुलगाही तिकडे गेला. शेडचं भाडं मोटाभाईंनी कित्येक महिने स्वतःच्या खिशातून भरलं.

हो, आम्ही कापतो. बोल्ट कशालाच दाद देत नसेल तर बूश आणि ब्रॅकेटच्या फटीत ब्लेड घालून दोन्हीकडून कापणं हाच शहाणपणा. सबफ्रेमचा (आर्म जिला बसतो त्या चौकटीचा) कान वाकण्यापेक्षा बोल्ट गेलेला परवडला. नवा घालताना डोक्यावर 10.9 हा मजबुतीचा आकडा बघूनच घालतो, त्याचे पैसे बिलात दिसणारच. समोर काय चालायचं? सरळ गॅसची ज्योत. बूशचं रबर जळायचं, शेजारच्या बॉल जॉइंटचं बूट, म्हणजे सांध्यावरचं रबरी आवरण, वितळायचं, आणि तेच परत बसवून गाडी बाहेर. याला जलद काम म्हणायचे. आठवलं की आजही डोकं तापतं.

त्या काळात रावपुऱ्यातले एक निवृत्त मास्तर आपली मारुती 800 घेऊन यायचे, काम असो नसो. शेजाऱ्यांच्या गाड्याही तेच पाठवायचे. स्टुलावर बसून म्हणायचे, "अरे, तुझा उशीर मला परवडतो. सावकाश कर." त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

पुढची वर्षं बरी गेली. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं आणि नंतर खालच्या कामाच्या गाड्यांची रांग लागली. त्यात त्याच ट्रॅव्हल्सच्या गाड्या. आधी जुनी थकबाकी चुकती करून घेतली, मगच जॅक लावला.

घरी स्वतः काम करणाऱ्यांना सांगतो. नुसत्या डब्ल्यूडी-40 वर विसंबू नका, ते मुळात ओल घालवायला केलेलं आहे. पेनिट्रेटिंग ऑइल वेगळं मिळतं, ते घ्या. स्ट्रटच्या (चाकावरच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) बोल्टला डोक्याखाली दाते असतील तर नटच फिरवा, बोल्ट नाही. आणि आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. हवेत लटकत असताना आवळलेलं बूश कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट करायचीच.

आमच्याकडे येणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. तेल रात्रभर मुरू देतो, सकाळी हात घालतो.