रसेल हेंडरसन यांची पाटी

लंडनच्या नॉटिंग हिल भागात त्रिनिदादचे स्टीलपॅनवादक रसेल हेंडरसन यांच्या सन्मानार्थ पाटी लावलेली आहे. १९६०च्या दशकात तिथे मुलांसाठी भरलेल्या जत्रेत हेंडरसन आणि त्यांचे साथीदार तेलाच्या पिंपांपासून घडवलेली वाद्ये गळ्यात अडकवून वाजवत एकाएकी पुढे चालू लागले, लोक मागोमाग निघाले आणि त्यातूनच तिथला कार्निव्हल रस्त्यावर आला. ठरलेला मार्ग नव्हता, याचेच मला अधिक अप्रूप वाटते. तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत, म्हणजे मिरवत नेले जाणारे मोठे पुतळे, पाहण्यासाठी खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्या आम्हा नागपूरकरांना वाद्यांमागे गर्दी कशी ओढली जाते हे सांगायला नको. मारबतीच्या मिरवणुकीतल्या वाजंत्र्यांची नावे मात्र मला कुठल्याच भिंतीवर वाचायला मिळालेली नाहीत.