सात किलोत जपान: ऊन, पाऊस आणि बर्फ एकाच बॅगेत

एप्रिलमध्ये जपानला जायचं ठरवलं की व्हिसाच्याही आधी डोक्यात कपडेच येतात. त्या एका महिन्यात तिथे काय काय असतं बघा, टोकियोत दुपारी टी-शर्टवर फिरता येतं आणि संध्याकाळी वारा सुटला की कुडकुडायला होतं, क्योटोत एक दिवस लख्ख ऊन आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून रिपरिप, ताकायामासारख्या डोंगरातल्या गावात पहाटे पारा शून्याच्या आसपास, आणि तातेयामाच्या डोंगरावर तर चक्क बर्फाच्या भिंती. आणि आपण निघणार मुंबईहून, जिथे एप्रिलमध्ये दादर स्टेशनचा ब्रिज चढेपर्यंत कुर्ता पाठीला चिकटलेला असतो. थंडी म्हणजे काय हे आपल्याला माहीत नसतं हो, सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत ७.४ अंश झालं होतं ते अजूनही बातम्यांमध्ये सांगतात, एवढं आपल्याकडे त्याचं अप्रूप.

आम्ही तिघी गेलो, मी, ताई आणि आई. आई साठीच्या पुढची, गुडघे अधूनमधून त्रास देणारे. म्हणून मी तिकिटं काढतानाच सांगून टाकलं होतं की प्रत्येकीची पाठीवरची एकच बॅग, सात किलोच्या आत, आईची तर पाचच्याही आत, आणि चेक-इनला काही टाकायचं नाही. ताई म्हणाली अगं मोठी बॅग फुकट मिळतेय तर का सोडायची? पण मोठी बॅग फुकट मिळते ती विमानात, पुढे ती आपल्यालाच ओढायची असते. तिथल्या स्टेशनांवर लिफ्ट असतात पण कुठल्या तरी एका टोकाला, ती शोधत लांबच लांब चालायचं, शिंकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, मधल्या स्टेशनवर मिनिट-दोन मिनिटंच थांबते, आणि बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर टोकियो-ओसाकाच्या तोकाइदो लाइनवर मागच्या रांगेतली खास सीट आधी बुक करावी लागते, २०२० पासूनचा नियम आहे हा. आईला जिने चढताना एका हातात कठडा धरता आला पाहिजे आणि दुसरा हात माझ्या हातात, एवढं एक माझं ठाम होतं. बाकी सगळं त्याला धरून.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे थंडी म्हटलं की एक जाडजूड स्वेटर किंवा कोट एवढंच सुचतं, परळला हिवाळ्यात स्वेटरवाल्यांची रांग लागते तिथे जाऊन सगळ्यात जाड दिसेल ते उचलायचं. पण बदलत्या हवेत जाड कोट कुचकामी, कारण तो एकतर घालायचा नाहीतर हातात धरून फिरायचं, मधलं काही नाही. त्यापेक्षा पातळ पातळ थर घ्यायचे. अंगाला लागून थर्मल, त्यावर फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ हलकं जॅकेट, किंवा पिसांचं हलकं डाऊन जॅकेट, आणि सगळ्यात वर विंडचीटर, तेच जे आपण जूनमध्ये ट्रेनमध्ये घालतो, फक्त चांगल्या शिलाईचं आणि टोपीवालं. ऊब कापडापेक्षा थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेतून जास्त मिळते, आणि वरचं विंडचीटर त्या हवेला वारा लागू देत नाही. डाऊन जॅकेट माझं पाव किलोच्या जरा वर भरतं, दाबून पिशवीत घातलं की पाण्याच्या बाटलीएवढं होतं, विमानात त्याचीच उशी केली.

कॉटनबद्दल थोडं बोलायलाच हवं कारण इथे आपली मुंबईची सवय आड येते. घामाच्या दिवसांत कॉटनसारखं सुख नाही हे खरंच, पण तेच कॉटन थंडीत वाईट, घाम शोषून घेतं आणि ओलं राहतं, डोंगर चढून घामेजलात आणि थांबलात की तो ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून थर्मल मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी गरम राहते आणि दोन-तीन दिवस घातली तरी वास येत नाही, महाग आहे पण दोनात काम भागतं. जीन्स कोणीच घेतली नाही, एक जीन्स पाऊण किलोच्या आसपास जाते आणि भिजली की सुकायला दीड दिवस. ट्रेकिंगच्या पातळ पँटी दोन दोन, त्याच्या आत हवं तेव्हा थर्मल लेगिंग.

आईचा प्रश्न वेगळा होता. आईला साडीच नेसायची होती, निदान क्योटोच्या देवळांत तरी. मी आणि ताईने सलवार-कुर्ते काढून ठेवले होते तिच्यासाठी, तिने ते घेतले पण म्हणाली एक साडी येणारच. आणि कपाटातून तिने काढली ती जॉर्जेटची, निळसर, बारीक बुट्ट्यांची, म्हणाली "अगं ही नोकरीला असताना पावसाळ्यात नेसायचे मी, व्हीटीला उतरून ऑफिसात पोचेपर्यंत वाळायची, आणि इस्त्रीही लागत नाही." ट्रेकिंगच्या दुकानात जे गुण सांगून कपडे विकतात ना, हलका, झटकन सुकणारा, न चुरगळणारा, ते सगळे त्या साडीत होते आणि आईला ते अनेक वर्षं ठाऊक होतं. घडी करून रोल केल्यावर ती साडी टॉवेलपेक्षा लहान झाली. क्योटोत ती तिने नेसली, आत थर्मल लेगिंग, त्यावर नेहमीच्या परकराऐवजी साडी शेपवेअर म्हणून मिळतो तो ताणला जाणारा घट्ट परकर, मग साडी, ब्लाउजच्या जागी पूर्ण बाह्यांचा काळा थर्मल टॉप, आणि वर माझं फ्लीस. कियोमिझुदेरा देवळाच्या लाकडी सज्जावर दोन जपानी आजी थांबून तिच्या पदराला हात लावून बघत होत्या. भाषा कोणालाच कळत नव्हती, तिघी पाच-दहा मिनिटं बोलत होत्या.

सगळ्यात कस लागला तो तातेयामा-कुरोबे मार्गावर, म्हणजे केबल कार, बस असं बदलत तातेयामाचा डोंगर ओलांडायचा तो रस्ता. तोयामाहून सकाळी निघालो, तातेयामा स्टेशन ४७५ मीटरवर, तिथे मी नुसत्या थर्मल आणि शर्टवर होते. केबल कारने सात मिनिटांत बिजोदायराला ९७७ मीटर, मग बस, सुगीच्या, म्हणजे जपानी सूचिपर्णी, उंच उंच झाडांमधून वळणं घेत वर, आधी झाडांच्या बुंध्याशी बर्फाचे ठिपके दिसायला लागतात, मग झाडं कमी होत जातात आणि मग खिडकीच्या दोन्ही बाजूंना नुसतं पांढरं. मुरोदो २४५० मीटरवर. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश हवा थंड होते, म्हणजे एका सकाळीत आम्ही तेराएक अंश खाली उतरलो, कपडे मात्र तेच, बसमध्ये बसल्या बसल्या एकेक थर चढवत गेलो. आधी फ्लीस, मग डाऊन, उतरायच्या आधी विंडचीटर, टोपी, हातमोजे. शेजारच्या सीटवरचं एक कुटुंब मोठ्या कोटांमध्ये खालपासूनच घामाघूम झालं होतं, त्यांचं पोरगं रडत होतं बिचारं.

मुरोदोला बॅगा लॉकरमध्ये टाकल्या आणि बर्फाच्या भिंतींमधून चालायला गेलो. रस्ता मोकळा करताना दोन्ही बाजूंना कापलेला बर्फ तसाच उभा असतो, काही वर्षी वीस मीटरपर्यंत, म्हणजे सहा-सात मजली इमारत समजा. जवळ जाऊन बघितलं तर भिंतीत थर दिसतात, एकावर एक, कुठे शुभ्र, कुठे जरा मळकट करडी रेघ, हिवाळाभर जितक्यांदा बर्फ पडला तितके. आईने हातमोजा काढून एका थरावर बोट फिरवलं आणि लगेच हात खिशात घातला. ढग खाली आले तेव्हा दहा पावलांवरची ताई दिसेना, आणि वारा असा की विंडचीटर नसतं तर पाच मिनिटं उभं राहवलं नसतं, आणि मग ढग सरकले आणि एकदम कडक ऊन, निळं आकाश, लोक जॅकेटच्या चेन उघडायला लागले. अर्ध्या तासात हे सगळं. तेव्हाच बर्फात एक पक्षी दिसला, रायचो, तितराच्या जातीचा, अजून हिवाळ्यातला पांढरा आणि डोळ्यावर लाल भुवई, कॅमेरे घेऊन लोक श्वास रोखून उभे होते, आम्हीपण.

गॉगल आणि सनस्क्रीन इथे हवेच हवेत, थंडी आहे म्हणून सोडू नका. ताजा बर्फ अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून भाजतं, हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावायचं. बूट वॉटरप्रूफ आणि आत लोकरी मोजे, कारण दुपारी बर्फ वितळून नुसता चिखल होतो. आणि बूट चटकन काढता येणारेच घ्या, देवळात, जुन्या घरांत, काही हॉटेलांत बूट काढावे लागतात, दिवसातून कितीदा तरी, आई दरवेळी बाकडं शोधत बसली असती. पुढे कुरोबे धरण पायी ओलांडलं, १८६ मीटर उंच, १९६३ मध्ये पुरं झालं, बांधताना १७१ माणसं गेली, त्यांचं स्मारक धरणाच्या एका टोकाला आहे, आई तिथे हात जोडून उभी राहिली. तळ्यावर अजून बर्फ होता. पलीकडे ओगिझावाला उतरलो तोपर्यंत डाऊन जॅकेट परत बाटलीएवढं झालं होतं.

धुण्याचं सांगते कारण कमी कपड्यांचं सगळं गणित धुण्यावर आहे. रोज रात्री अंघोळ करतानाच थर्मल आणि मोजे धुवायचे, कोरड्या टॉवेलमध्ये घालून गुंडाळी करायची आणि ती गुंडाळी जोरात पिळायची, टॉवेल सगळं पाणी ओढून घेतो, सकाळपर्यंत कपडे कोरडे. पावसाळ्यात पंख्याखाली दोऱ्या बांधून कपडे वाळवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे शिकवायला नको. तिथल्या बऱ्याच साध्या हॉटेलांच्या बाथरूममध्ये भिंतीतून ओढायची दोरी असतेच, आणि कॉइन लॉन्ड्री गल्लीगल्लीत, नाणी टाकली की तासाभरात धुऊन वाळून हातात. ताई तिथे पुस्तक घेऊन बसायची.

शिवाय जपानमध्ये हॉटेलं इतकं देतात की निम्मं सामान आपोआप गळतं. रात्री घालायला युकाता, म्हणजे पातळ सुती किमोनो, किंवा नाइटसूट, टूथब्रश, कंगवा, टॉवेल, सपाता, शॅम्पू. छत्री न्यायची गरज नाही, पाऊस आला की कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे सेव्हन-इलेव्हन किंवा लॉसनसारख्या छोट्या दुकानात, पारदर्शक प्लॅस्टिकची छत्री मिळते, मोजे आणि बनियनसुद्धा मिळतात. उलट हातरुमाल मात्र दोन न्या, सार्वजनिक टॉयलेटमध्ये हात पुसायला बरेचदा काही नसतं, तिथले सगळेच खिशात छोटा रुमाल ठेवतात. आणि मास्क, वसंतात सुगी आणि हिनोकीच्या झाडांचे परागकण हवेत असतात, आईला शिंकांचा त्रास आहे त्यामुळे रोज लागले.

औषधांवर मी काटकसर केली नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या पुरून चार दिवस उरतील एवढ्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. लिक्विड सगळी १०० मिलीच्या आतल्या बाटल्यांत. पॉवरबँक केबिनमध्येच लागते, २०,००० एमएएचची चालते कारण ती साधारण ७४ वॉट-अवर भरते आणि मर्यादा १०० ची आहे. प्लग तिथे दोन चपट्या पिनांचा, त्यामुळे अडॅप्टर हवा. खायला भडंग, खाकरे आणि मेतकूट, वजनाला काहीच नाही, आणि कोन्बिनीत गरम भाताचं पाकीट मिळतं त्यावर मेतकूट आणि आईने आणलेलं चमचाभर तूप, ताकायामाच्या थंडीत रात्री हे जेवलो तेव्हा तिघीही गप्प होतो इतकं बरं वाटलं.

परतीला बॅगा सात किलोच्या वर गेल्या, आईने क्योटोत चहाचे वाडगे घेतले होते, ते मोज्यांत गुंडाळून फ्लीसच्या मधे ठेवले आणि डाऊन जॅकेट अंगावर घातलं, वजन बसलं. ताई आता सप्टेंबरमध्ये ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर स्कॉटलंडला चालली आहे आणि हीच बॅग नेणार आहे. तिला मी दोनच बदल सांगितलेत, तिथल्या वाऱ्यात छत्री उलटी होते म्हणून विंडचीटरसोबत पातळ वॉटरप्रूफ पँट घे, आणि अडॅप्टर तिथला जाड चौकोनी तीन पिनांचा लागतो तो इथूनच घेऊन जा.