ताई, कालच्या तारखेची पॉलिसी काढून द्या

मी नाशिकला गाड्यांच्या इन्शुरन्सचं काम करते, सिडकोत छोटं ऑफिस आहे. २०२३ च्या पावसाळ्यात एकदा सकाळी शटर वर केलं तर एक काका दारातच उभे, हातात आरसी आणि जुनी पॉलिसी, आणि बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, थर्ड पार्टी काढून द्या, पण कालची तारीख टाका, वरचे काय होतील ते देतो."

थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला लागलं तर त्याची भरपाई देणारी पॉलिसी, त्यामुळे कालची तारीख मागितली की आमच्या कामात लगेच कळतं काय झालंय ते. मी पाणी दिलं आणि विचारलं कोणाला लागलंय. मग सगळं बाहेर आलं. आदल्या रात्री त्यांच्या पोराने, चोवीस वर्षांचा, दारू पिऊन येताना पाथर्डी फाट्याजवळ सायकलवाल्याला उडवलं, माणूस सिव्हिलमध्ये, मांडीचं हाड मोडलेलं, कंपनीतून सेकंड शिफ्ट करून घरी चालला होता बिचारा. आणि गाडीची पॉलिसी संपून चार महिने झालेले.

मी सरळ सांगितलं, काका असं होत नाही. पैसे कंपनीकडे गेल्याशिवाय रिस्क सुरूच होत नाही, १९३८ च्या विमा कायद्याचं ६४ व्हीबी कलम आहे तसं, आणि पॉलिसीवर तारखेबरोबर वेळसुद्धा छापून येते. आणि समजा मी काही लबाडी केली असती तरी पोलिसांकडे अपघाताची वेळ लिहिलेली आहे, म्हणजे अपघाताच्या वर फसवणुकीची केस, त्यात तुम्ही पण आणि मी पण.

त्यांना वाटत होतं की इन्शुरन्स नाही म्हणजे दोन हजार दंड भरून सुटू. तो दंड आहेच, पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा तीन महिने कैद किंवा दोन्ही, पण लोक इथंच थांबतात हो, पुढचं कोणी बघतच नाही! जखमी माणूस अपघाताच्या भरपाईसाठी असलेल्या ट्रिब्युनलमध्ये क्लेम टाकतो, त्याचा दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, पुढं पायात काही दोष राहिला तर त्याचे वेगळे, आणि पॉलिसी नसेल तर हे सगळं मालकाच्या खिशातून, नाही दिलं तर जप्ती. गाडी पोरगा चालवत होता तरी आरसी यांच्या नावावर. आणि पॉलिसी चालू असती तरी दारूमुळे कंपनीने हात वर केले असते. पण अशा केसमध्ये बऱ्याचदा कोर्ट कंपनीला सांगतं की आधी जखमीला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे त्या सायकलवाल्याला निदान पैसे वेळेत मिळाले असते, मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले आता काय करू. मी म्हटलं आधी सिव्हिलला जा, त्या माणसाच्या घरच्यांना भेटा, औषधपाण्याचं बघा, आणि पोराला घेऊन वकिलाबरोबर पोलीस स्टेशनला जा, लपवू नका. गेले ते, एवढं मात्र खरं.

पण गाडीला पुढचा इन्शुरन्स तर लागणारच होता, म्हणून आठवड्याने परत आले. दोन वर्षांत दोन क्लेम झालेले त्यामुळे एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलचा बोनस, आधीच शून्य (असता तरी ९० दिवसांच्या वर गॅप पडल्याने गेलाच असता), ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, पाहिजे तर आधी गाडीचं इन्स्पेक्शन, आणि तुटलेला बंपर, फुटलेली काच दुरुस्त झाल्याशिवाय कंपनी हो म्हणेना. शेवटी नुसती थर्ड पार्टी काढली. बाराशे सीसीची गाडी, ३,४१६ रुपये अधिक जीएसटी.

आता इथं मला खरंच राग येतो. माझ्याकडेच एक निवृत्त शिक्षक आहेत, तेवढ्याच सीसीची गाडी, कधी सिग्नल तोडला नाही की कोणाला घासलं नाही, त्यांनाही टीपीचे, म्हणजे थर्ड पार्टीचे, तेव्हा ३,४१६ च. कारण आपल्याकडे टीपीचा दर इंजिन बघून ठरतो, चालवणारा कसा आहे ते कोणी विचारतच नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत दारू पिऊन चालवताना सापडलं की लायसन परत मिळवायला कंपनीकडून एसआर-२२ नावाचं सर्टिफिकेट सरकारकडे जावं लागतं, आणि प्रीमियम काही वर्षं चढाच राहतो. आपल्याकडेही विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या एका गटाने २०२१ मध्ये सुचवलं होतं की ट्रॅफिकच्या चलनांचे पॉइंट मोजून वेगळा प्रीमियम लावावा, दारूला सगळ्यात जास्त पॉइंट. मला ते पटलं होतं, आजही पटतं. लोक म्हणतात एजंटला काय, जास्त प्रीमियम म्हणजे जास्त कमिशन. अहो पण ज्याने तीन वर्षांत दोनदा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ केला त्याने जास्त भरावं, आणि त्या सरांना काहीतरी सूट मिळावी, यात चूक काय आहे?

काकांनी गावाकडची थोडी जमीन विकून त्या माणसाच्या ऑपरेशनचे पैसे दिले, ट्रिब्युनलची केस वेगळी चालू राहिली. पुढच्या वर्षी रिन्युअलला मी स्वतःच महिनाभर आधी फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आता रेट किती वाढला असेल? मी सांगितलं, तेवढाच आहे, ३,४१६.