पाय कुठून सुरू होतो?

नवीन औषधाची चाचणी चालू असते तेव्हा रक्त, लघवी, एक्स-रे यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट मोजावी लागते, आणि ती कुठल्याच यंत्राला दिसत नाही. माणसाला कसं वाटतंय? ते विचारायला फॉर्म असतात. ‘गेल्या सात दिवसांत मुंग्या आल्या का? किती? ० ते १० मध्ये सांगा.’ हे फॉर्म मराठीत आणायचे आणि खऱ्या रुग्णांना ते कळतायत का ते तपासायचं, हे माझं काम. एकच फॉर्म एकाच वेळी वीसेक भाषांत जातो आणि सगळी उत्तरं शेवटी एकाच तक्त्यात पडतात. त्यामुळे अनुवाद किती छान उतरलाय हे इथे कुणी विचारत नाही. मराठीत ६ वर खूण करणाऱ्या बाई आणि जपानीत ६ वर खूण करणाऱ्या बाई शरीराच्या एकाच जागेबद्दल बोलतायत ना, एवढंच बघतात.

त्यासाठीची रीत ठरलेली आहे. दोन अनुवादक स्वतंत्रपणे अनुवाद करतात, दोन्ही मिळून एक मसुदा होतो, मग मूळ फॉर्म कधीही न पाहिलेला तिसरा माणूस तो मसुदा उलट इंग्रजीत नेतो. या क्षेत्रातली २००५ सालची मार्गदर्शक तत्त्वं आजही प्रमाण मानली जातात, आणि त्यांत आणखी एक पायरी आहे: पाच ते आठ रुग्णांसमोर बसून, एकेक प्रश्न वाचायला देऊन, ‘यातून तुम्हाला काय कळलं’ असं विचारायचं. वेळापत्रक घसरलं की कात्री लागते ती नेमकी या पायरीला. मला विचाराल तर बाकीच्या सगळ्या एका बाजूला आणि ही एका बाजूला.

त्या दिवशीचा फॉर्म मधुमेहामुळे मज्जातंतूंना होणाऱ्या इजेबद्दल होता. प्रश्न साधेच. एकाखाली एक दोन ओळी: मूळ इंग्रजीत पहिलीत ‘फूट’, दुसरीत ‘लेग’. मराठी मसुद्यात ‘पाऊल’ आणि ‘पाय’. उलट इंग्रजीत नेल्यावर पुन्हा फूट आणि लेग. कागदावर सगळं चोख जुळलेलं.

पहिल्या आल्या त्या सत्तरीच्या एक आजी. चालत आल्या, काठी नाही, कुणाचा आधार नाही. ‘पाऊल बधिर होतं का?’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘नाही’वर खूण केली आणि पेन खाली ठेवलं.

“आजी, हा प्रश्न तुम्ही तुमच्या शब्दांत सांगाल?”

“पाऊल टाकता येतं का, असंच ना? येतं की. आत्ता जिना चढूनच आले.”

“आणि हा खालचा?”

“पाय? पायाला तर कधीपासून काही कळतच नाही. चालता चालता चप्पल निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं.”

चप्पल निसटलेली न कळणं म्हणजे त्यांच्या पावलांची संवेदना गेलेली होती. फॉर्मवर मात्र ‘पाऊल: नाही, पाय: हो’ असं उमटलं. चाचणी करणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीने हे उत्तर अशक्य कोटीतलं आहे. या आजारात सगळ्यांत लांब मज्जातंतू आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. मग बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास पोहोचतो तोवर हाताच्या बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागतात, कारण तोवर हाताकडच्या मज्जातंतूंच्या लांबीचीही पाळी आलेली असते. थोडक्यात, फूटपासून लेगपर्यंतचा प्रवास म्हणजेच आजाराचा प्रवास. तेवढंच मोजायला त्या दोन ओळी आहेत.

आजींच्या ‘पाऊल टाकण्या’त चूक काहीच नव्हती. ‘पावलं सुजलीत’ असं आपण सहज म्हणतो, तिथे पावलं म्हणजे अवयवच. पण एकवचनात ‘पाऊल’ आलं की ते जमिनीवरून उचललं जातं, पुढे पडतं, मागे घेतलं जातं. ते चालीचं एकक होतं. अवयवाचा अर्थ राहतो, पण मागच्या बाकावर.

दुसरे एक काका होते, बोलके. त्यांना मी सरळ विचारलं, “काका, पाय म्हणजे कुठून कुठपर्यंत, दाखवता का?” त्यांनी उभं राहून खुब्यापासून खाली हात फिरवला, थेट अंगठ्यापर्यंत. त्यांच्यानंतरच्या बाईंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “इथून खाली.” वरचं काय मग? “ती मांडी.” असं म्हणताना त्यांचा चेहरा असा होता की हिला एवढंही माहीत नाही! मग मी माणसाच्या आकृतीचा कागद काढला आणि प्रत्येकाला पेनने रेघ मारायला सांगितलं. एकाने जांघेवर रेघ मारली, दोघांनी गुडघ्यावर. एका तरुण मुलाने घोट्यापाशी मारली, मग ती खोडली, वर सरकवली, पुन्हा खोडली आणि म्हणाला, “तुम्ही पायाचं काय करायचं म्हणताय त्यावर आहे ना.”

मी ते वाक्य जसंच्या तसं अहवालात घातलं, कारण मराठीतल्या पायाचं एवढं नेमकं वर्णन मला जमलं नसतं. ‘पाय धुऊन ये’ म्हटलं की कुणी मांडीवर पाणी ओतत नाही. ‘पाय पसरून’ बसलं की तोच पाय कमरेपासून सुरू होतो. पाय मुरगळतो तो घोट्यात. काटा रुततो तो तळव्यात. पाय चेपून द्यायचे म्हणजे मुख्यतः पोटऱ्या. आणि मोडतो तो खुब्यापासून बोटांपर्यंत कुठेही, म्हणून तर ‘पाय मोडला’ ऐकल्यावर पुढचा प्रश्न ‘कुठे?’ असाच येतो. शब्द एकच, तुकडा क्रियापद ठरवतं. रोजच्या बोलण्यात क्रियापद असतंच, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. फॉर्म मात्र क्रियापद काढून घेतो. ‘बधिर होणे’ कुठल्याही तुकड्याला लागू पडतं, आणि पुढच्या पानावरच्या तक्त्यात तर नुसतंच ‘पाय’ आणि समोर अकरा चौकोन. मग ज्याच्या त्याच्या डोक्यात जो पाय असेल तो.

हाताचंही तेच. हात धुतो ते मनगटापर्यंत, वर करतो तो खांद्यापासून, इंजेक्शन घेतो ते दंडात, आणि ज्योतिषाला दाखवतो तो फक्त तळवा.

दुपारी समन्वयक बाईंना सगळं कळवलं. बाकीच्या भाषांचं काम समांतर चालू होतं, त्यामुळे तासाभरात इतरांचे निरोप यायला लागले, आणि या प्रश्नावर आम्ही एकटे नाही हे कळलं. रशियनमध्ये हात आणि बाहू मिळून एकच ‘रुका’, पाऊल आणि पाय मिळून एकच ‘नगा’. पावलासाठी तिथे ‘स्तपा’ आहे, पण तो आपोआप जिभेवर येणारा शब्द नव्हे. ग्रीकमध्ये ‘पोदी’ म्हटलं की सगळा पाय. हिब्रूत ‘रेगेल’ तसाच, आणि फक्त पाऊल हवं असेल तर ‘काफ रेगेल’, म्हणजे जवळजवळ आपला ‘तळपाय’. जपानी तर मजेशीर आहे. ‘आशी’ हा उच्चार एकच, पण पाऊल म्हणायचं असेल तर एक चिन्ह लिहितात आणि अख्खा पाय म्हणायचा असेल तर दुसरं. म्हणजे कागदावरचा फॉर्म वाचणाऱ्याला फरक दिसतो आणि फोनवरून तोच फॉर्म ऐकणाऱ्याला दिसत नाही. स्पॅनिशवाले निर्धास्त होते: ‘पिए’ वेगळा, ‘पिएर्ना’ वेगळी. तुर्कीचंही तसंच, ‘आयाक’ आणि ‘बाजाक’.

हिंदीवालीने ‘पैर’ आणि ‘टाँग’ सुचवलं, आणि मराठीत ‘टांग’ का चालणार नाही असं सहज विचारलं. शब्द आहे की आपल्याकडे. पण हिंदीत जी टाँग साधी, ती मराठीत आली की टांग मारते नाहीतर तंगडी होऊन गळ्यात पडते. आजींना ‘तुमची टांग बधिर होते का’ विचारून बघावं म्हणजे कळेल.

हाताच्या बाबतीत याची मोजदादही झालेली आहे. जगातल्या भाषांच्या रचनेचा ‘वर्ल्ड ॲटलस ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ नावाचा नकाशासंग्रह आहे, त्यात सेसिल ब्राउन यांनी ६१७ भाषा तपासल्या. २२८ भाषांत हात आणि बाहू यांना एकच शब्द, उरलेल्या ३८९ भाषांत वेगवेगळे. एक शब्द वापरणाऱ्या भाषा विषुववृत्ताकडे जास्त आढळतात, आणि थंड प्रदेशात बाह्यांचे शिवलेले कपडे घालावे लागत असल्यामुळे तिथे मनगटाची सीमा ठळक होत असावी, असं त्यांचं अनुमान. वाचायला छान वाटतं. पण रशियनांना थंडीही आहे, बाह्याही आहेत, हातमोजेही आहेत, आणि तरी रुका एकच. विषुववृत्ताकडे झुकणाऱ्या या कलाबद्दल माझी तक्रार नाही. एखाद्या भाषेने शब्द कसा कापला याचं कारण कपड्यांत शोधायला मात्र मी धजावणार नाही.

खरी गंमत मूळ फॉर्म बनवणाऱ्यांकडे गेल्यावर झाली. मी विचारलं होतं, ‘तुमच्या मनात लेग म्हणजे कुठून कुठपर्यंत?’ वाटलं होतं, एका ओळीचं उत्तर येईल. कारण इंग्रजीत तर दोन वेगळे शब्द आहेत, तिथे काय गोंधळ असणार? पण शरीरशास्त्राच्या पुस्तकातला ‘लेग’ फक्त गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा. वरचा ‘थाय’. ‘आर्म’ही तिथे फक्त खांद्यापासून कोपरापर्यंतचा, पुढचा ‘फोअरआर्म’. इंग्रजी बोलणाऱ्या सामान्य माणसाचा लेग मात्र कमरेपासून सुरू होतो. फॉर्म डॉक्टरांनी लिहिलेला, भरणार रुग्ण. त्यांच्या चमूत आपसांत चर्चा झाली असावी, कारण उत्तर यायला वेळ लागला. आलं ते असं: ‘गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, पाऊल सोडून.’ हे मूळ फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. इंग्रजीत खूण करणारे लोक कुठल्या लेगबद्दल खूण करत होते कोण जाणे!

असो. सीमा कळल्यावर मराठीत रस्ता सापडला. तुकड्याचं नाव घेण्याच्या फंदात न पडता सांध्यांची नावं घ्यायची. घोटा आणि गुडघा यांवर सगळ्यांचं एकमत होतं. (ढोपर जाणूनबुजून टाळलं. कुणाचं ढोपर गुडघ्यात असतं, कुणाचं कोपरात, आणि दोघेही ठाम असतात.) पहिली ओळ ‘घोट्याच्या खाली बधिरपणा येतो का?’ आणि दुसरी ‘घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बधिरपणा येतो का?’ अशी करून, समन्वयक बाईंची परवानगी घेऊन, संध्याकाळच्या रुग्णांसमोर ठेवली.

आजी अजून बाहेर बसून होत्या, त्यांचा मुलगा न्यायला यायचा होता. त्यांनाच परत बोलावलं. पहिल्या ओळीला क्षणाचाही विचार न करता ‘हो’, दुसरीला ‘नाही’. “पोटरीत दुखतं कधीमधी, पण बधिर नाही,” असं वर स्पष्टीकरण. सकाळच्या अशक्य उत्तराच्या जागी आता पुस्तकातलं उत्तर होतं.

मग हाताचा प्रश्न. तोच साचा लावला, ‘मनगटाच्या खाली’, आणि तो पहिल्याच फेरीत आपटला. समोर बसलेल्या गृहस्थांनी मनगट बघायला म्हणून हात कोपरात दुमडून वर धरला, पंजा छताकडे. आता मनगटाच्या खाली काय? कोपर! त्यांनी कोपराकडची बाजू दाबून बघितली आणि म्हणाले, “इथे काही नाही.” पुढच्या बाईंचा हात मांडीवर आडवा होता, त्यांना तर खाली म्हणजे मनगटाची आतली, शिरा दिसतात ती बाजू वाटली. उभ्या माणसाचं पाऊल नेहमी खालीच असतं, हाताला मात्र खाली-वर असं कायमचं काही नसतं. आणि मग लक्षात आलं की पायाचंही उभ्या माणसापुरतंच खरं आहे. अंथरुणावर पडलेल्या रुग्णाला ‘घोट्याच्या खाली’ म्हणजे गादीकडची बाजू वाटू शकते.

म्हणून दोन्हीकडे ‘पासून-पर्यंत’ आलं. ‘घोट्यापासून पायाच्या बोटांपर्यंत’, ‘मनगटापासून हाताच्या बोटांपर्यंत’. ‘पायाच्या’ आणि ‘हाताच्या’ हे शब्द गाळायची सूचना एका परीक्षकाने केली होती, घोटा म्हटल्यावर बोटं पायाचीच असणार म्हणून. ती मी मानली नाही. मराठीत नुसतं ‘बोटं’ म्हटलं की माणूस हाताकडे बघतो, मग वाक्यात आधी काहीही असो.

शेवटचा अडथळा भाषेचा नव्हताच. फॉर्म टॅबलेटवर भरायचा होता आणि प्रश्नाची चौकट एका ओळीची होती. नवीन वाक्य तिच्यात मावेना. अक्षरं कमी करा, असा निरोप आला. काय कमी करणार? घोटा काढला तर पाय उरतो, आणि तिथूनच तर निघालो होतो. चौकट दोन ओळींची करा असं मी उलट कळवलं. जपानी आणि रशियनवाल्यांनी त्याच सुमाराला तीच मागणी केली होती, त्यामुळे फारशी घासाघीस करावी लागली नाही.