नऊच्या नऊ शून्यं

कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डला पाऊस लागला की आमचं क्लिनिक भरतं. स्ट्रॉबेरीची तोडणी बंद, म्हणजे रोज बुडालेलाच. मग लोक साठवलेली दुखणी घेऊन येतात.

ही बाई त्या दिवशी तिसऱ्यांदा आली होती. डोकं दुखतं, पोटात गोळा येतो. रक्त, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. फायलीत पीएचक्यू-9 सुद्धा दोनदा भरलेला: नैराश्याचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 (कधीच नाही) ते 3 (जवळजवळ रोज), एकूण 27. तिचे दोन्ही वेळा शून्य. खाली सही माझी.

या वेळी कागद नीट पाहिला. नऊच्या नऊ खुणा पहिल्याच रकान्यात, एकाखाली एक, ओळंबा लावल्यासारख्या. इतकं सुखी माणूस मी अजून बघितलेलं नाही. कागद स्पॅनिशमधला. बाई मेक्सिकोच्या वाहाकाकडची, मिस्तेको ही तिथली आदिवासी भाषा बोलणारी. स्पॅनिश कामापुरतं बोलते, वाचता येत नाही. आमच्याकडे मेक्सिकन नाव दिसलं की काउंटरवरची मुलगी स्पॅनिश कागद पुढे सरकवते. तिला तरी काय बोलायचं? 'स्क्रीनिंग झालं' ही हिरवी खूण उमटली की वरचे साहेब खूश.

मिस्तेकोचा दुभाषी फोनवर मागवायचा तर आधी गाव सांगावं लागतं, कारण एका गावची बोली पलीकडच्या डोंगरात कळेलच असं नाही. वीस मिनिटांनी माणूस मिळाला, पण त्याला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून मधे आणखी एक स्पॅनिशवाली. माझा प्रश्न दोन फोनांतून जाणार, उत्तर त्याच वाटेनं परत. आणि भेट पंधरा मिनिटांची.

'उदास वाटतं का' इथेच गाडी अडली. दुभाषी म्हणाला, असं नाही विचारत आमच्यात, 'इनी'ला काय होतंय ते विचारतात. इनी म्हणजे आतलं, काळीज, सगळंच. स्पॅनिशवाली इंग्रजी शब्द शोधत बसली. मला शोधावा लागला नाही. आमची आजी 'जीव' म्हणायची: जीव घाबरा होतो, जीव रमत नाही, जीव उडालाय. म्हटलं, तसंच विचारा.

मग बाई बोलत राहिली. गावी आई वारली होती. मातीला गेली असती तर सीमा ओलांडून परत इकडे येता आलं नसतं. नववा प्रश्न, मेलेलं बरं असं वाटतं का, याला ती फोनकडे बघत दोनच शब्द बोलली. ते माझ्यापर्यंत पोचेस्तोवर मी पेन उघडझाप करत होतो.

"रोज नाही."

याला 1 द्यायचा की 2? काही करून घ्यायचा विचार आहे का, ते खोदून विचारलं, नव्हता. समुपदेशक बाईंना तिथेच खोलीत बोलावलं, गोळी सुरू केली, आठवड्याची तारीख दिली. बेरीज 16 लिहिली. तीन भाषांतून आलेल्या 16 ला काय अर्थ, मला अजून कळलेलं नाही. आधीच्या शून्याला नव्हता, एवढं नक्की.

संगणकातल्या भाषांच्या यादीत मिस्तेको नाहीच. मी तिच्या गावाचं नाव ॲलर्जीच्या चौकटीत टाकलं, ती लाल दिसते म्हणून. दुसऱ्या दिवशी नर्सचा फोन: "डॉक्टर, हे कुठलं औषध?"